अर्ध्या काचेचं माप

दोष काकांचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कोणी उठून ‘अरे, पण मोठी माणसं चांगल्यासाठीच करतात’ वगैरे सुरू करायला नको. चांगल्यासाठीच करतात, माहितीय मला, तीच तर अडचण आहे... वाईटासाठी केलं असतं तर निदान पोलिसात तरी जाता आलं असतं!

तुम्हाला सांगतो, आमचे काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, लग्नबिग्न केलं नाही, आमच्याच घरात वरच्या खोलीत मुक्काम, आणि चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक. म्हणजे काम काय, तर दुकानात शिरायचं, नमस्कार करायचा आणि तराजू उलटा करून बघायचा. चौतीस वर्षं ज्या माणसानं समोर येईल त्याच्याकडे ‘हा मला किती ग्रॅमला फसवतोय’ याच नजरेनं पाहिलं, तो रिटायर झाल्यावर काय कपाळ बागकाम करणार? घरात तपासणी सुरू! दुधाची पिशवी काट्यावर, बिस्किटाचा पुडा काट्यावर, गॅसचा सिलिंडर आला की तो माणूस दारात ताटकळत उभा आणि काका सिलिंडरला मिठी मारून मोठ्या काट्यावर चढलेले, मग सिलिंडर खाली ठेवून एकटे चढलेले, मग वजाबाकी. पेस्टच्या ट्यूबवर लिहिलेलं वजन आणि पिळून निघालेली पेस्ट यांतला फरक त्यांनी कंपनीला पत्रानं कळवलाय. दोनदा.

आणि या माणसाच्या घरात मी. इंजिनीअरिंग अडीच वर्षांत सोडलं. का सोडलं ते विचारू नका, वर्गात बसून डोक्याचं भुस्काट होत होतं म्हणून सोडलं, पण काकांच्या लेखी मी काय झालो? कमी भरलेलं पाकीट. चार वर्षं लिहिलंय, आत अडीचच. सगळ्या घरासमोर मला म्हणाले, “अर्धवट!” झालं. त्या दिवसापासून काका माझ्याशी बोलत नाहीत, मी काकांशी बोलत नाही, मधे आई. मी म्हणायचं, “आई, त्यांना सांग गाडीची किल्ली हवीय.” काका दोन हातांच्या अंतरावर बसलेले, ऐकतायत, पण वर बघणार नाहीत. आई म्हणणार, “भाऊजी, किल्ली हवी होती.” काका म्हणणार, “कशाला ते विचारा.” असं आमचं वर्षभर चाललंय. बाबा बदलीच्या गावी, त्यांना रविवारी फोनवर फक्त हवामान कळतं.

आता मी नुसता बसलेलो नाही हां, असं समजू नका. कॉलेज सोडलं तसा एका उस्तादाच्या हाताखाली लागलो, गाड्या धुण्या-चकाकवण्याचं काम. आठ महिने काढले. त्यात मला एक काम आवडलं, म्हणजे खरंच आवडलं, काचेचं. पुढच्या काचेवर आणि खिडक्यांवर एक पातळ लिक्विड चढवायचं, मग पाऊस आला की पाणी काचेला धरूनच राहत नाही, थेंब होतो आणि पळतो. पण त्याचं सगळं आधीच्या साफसफाईत असतं. काच तीनदा धुवायची, मळाचा कण राहता कामा नये, मग स्पिरिटनं पुसून तेलकटपणा काढायचा, मग कापडावर दोन-तीन थेंब घेऊन बारीक गोल गोल फिरवायचं, दहा मिनिटं थांबायचं, काचेवर धुकं आल्यासारखं दिसलं की कोरड्या कापडानं पुसायचं. दहा मिनिटं. अकरा नाही. उस्ताद म्हणायचा, वाळून दगड झालं की मग तू आणि तुझं नशीब.

तर मला स्वतःचं काम काढायचं होतं. आणि काढायचंच होतं, कारण काकांच्या टेबलाच्या खणात एक फॉर्म होता, कॉलेजात परत बसण्याचा, त्यांनी स्वतःच्या अक्षरात भरलेला, नाव, जन्मतारीख, सगळं, फक्त माझी सही बाकी. महिनाअखेरपर्यंत काही जमलं नाही तर सही करायची, असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे काय, काकांनी आईला सांगितलं, आईनं मला सांगितलं, माझं ‘नाही’ आईनं वर पोचवलंच नाही, म्हणून ठरलं! माझ्यापेक्षा लहान पोरांच्या मागच्या बाकावर बसायचं... विचार करा.

मग सापडल्या मोटार शाळेच्या मॅडम. गाडी शिकवण्याची शाळा, सहा गाड्या, मागं सरावाचं मैदान, आणि एका बाजूला रिकामी शेड. मॅडम म्हणजे गळ्यात शिट्टी, आणि बोलणं रस्त्यावरच्या पाट्यांसारखं. थांबा. हळू. पुढे वळण. इतकी वर्षं शिकवून त्यांचा एक पाय कायम नसलेल्या ब्रेकवर, ऑफिसातल्या खुर्चीत बसल्या तरी पाय आपला दाबतोय. त्यांच्या गाड्यांच्या काचांना आधी कोणीतरी तेलकट काहीतरी फासून गेला होता, म्हणून माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की मला वाटलं काकांच्याच खात्यातल्या का काय. म्हणाल्या, अर्धी काच करून आण, अर्धी कोरी ठेव. पाणी मारून बघू. पटलं तर सहाच्या सहा गाड्या आणि शेड तुझी. रविवारी दहाला.

अर्धी करायची, अर्धी कोरी ठेवायची. या धंद्यात हीच रीत आहे हो, फरक डोळ्यांनी दिसल्याशिवाय गिऱ्हाईक हलत नाही.

गाडी अर्थातच काकांची. शनिवारी दुपारी मी काचेच्या मधोमध वरपासून खालपर्यंत चिकटपट्टी लावली आणि ड्रायव्हरच्या बाजूची अर्धी काच केली. कशी केली? चांगली केली. तीनदा धुवायची ती... एकदा धुतली, पण जोर लावून. स्पिरिट बाटलीच्या तळाशी होतं तेवढं वापरलं. लिक्विड मात्र हात आखडता न घेता लावलं, मी काय काका आहे मोजून द्यायला? आणि त्या दहा मिनिटांच्या मधे पेंटरचा फोन आला. पाटी रंगवायला टाकली होती. हो, आधीच! स्वतःची पाटी, माझं नाव मोठ्या निळ्या अक्षरांत, खाली ‘काचेचे काम’. तो म्हणाला, नावातलं शेवटचं अक्षर मावत नाहीये, येऊन बघ. आता नाव माझं, मी नको जायला? कोपऱ्यावर तर दुकान. गेलो, अक्षर मावलं, आलो, काच पुसली. जरा जोर लागला पुसायला. तिरकं बघितलं तर एक पांढुरकी साय दिसत होती, म्हणून मी तिरकं बघणं सोडून दिलं.

आत जाऊन आईला सांगितलं, “त्यांना सांग, काच मुद्दाम अर्धीच ठेवलीय, हात लावायचा नाही म्हणावं.” आई बरं म्हणाली. आई चटकन बरं म्हणाली तेव्हाच पाल चुकचुकली. पण पालीचं ऐकतं कोण?

रविवारी सकाळी उठलो. स्वयंपाकघरातला वजनकाटा ओट्यावर नव्हता. हे म्हणजे भिंतीवरचं घड्याळ नसावं तसं आहे आमच्याकडे. काटा कुठे? जिन्यावरून डोकावलो तर खाली, गाडीच्या दाराजवळ. म्हटलं, काकांनी टायर तर नाही ना तोलला? पाल चुकचुकली. मग बाल्कनीत बघतो तर दोरीवर काकांच्या चष्म्याची फडकी वाळत घातलेली, एक नाही, चार. चष्मा एक, डोळे दोन, फडकी चार? पुन्हा चुकचुकली. चहाला बसलो तर काका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार, आणि त्यांनी कपाला बोटं लावली तशी मला स्पिरिटचा वास आला. सकाळी साडेसातला! मला वाटलं, पितात की काय. खरं सांगतो, बरं वाटलं क्षणभर, निदान एक तरी खोट निघाली माणसात. आणि मग सगळ्यात भयंकर गोष्ट झाली... काका माझ्याकडे बघून हसले. वर्षात पहिल्यांदा. मी लिक्विडची बाटली उचलली, हलकी लागली, पण मीच सढळ हातानं वापरलं होतं ना, म्हणून परत ठेवली. पाल तर आता गळा काढून ओरडत होती. पण पालीचं ऐकतं कोण?

धावत खाली जाऊन काच बघितली. चिकटपट्टी जागच्या जागी, सरळ रेघ, जराही हललेली नाही. हुश्श केलं. मला काय माहीत, चौतीस वर्षं सील न तोडता तपासणी करणारा माणूस आहे तो!

किल्लीचं विचारलं तर आई म्हणाली, भाऊजीपण येतायत, गाडी त्यांची आहे. झालं. मागच्या सीटवर काका, मांडीवर डबा धरल्यासारखी वही धरून. रस्त्यात आरशात बघावं तर ते खिडकीतून दुकानांचे तराजू बघतायत.

मैदानावर मॅडम उभ्या, वॉचमन झाडांचा पाइप घेऊन तयार. मी चिकटपट्टी काढली. माझा बेत असा होता, की मॅडमना स्टिअरिंगवर बसवायचं, त्यांच्या समोर माझी चकाचक काच आणि शेजारी कोरी. दार उघडून उभा राहिलो, तर मॅडम गाडीला वळसा घालून गेल्या आणि शेजारच्या सीटवर बसल्या. वीस वर्षांची सवय! गाडी शिकवणारी बाई कुठे बसणार? हे मला आधी सुचायला नको होतं? आता मी स्टिअरिंगवर, मॅडम कोऱ्या काचेसमोर, काका मागे. म्हटलं, हरकत नाही, कोऱ्या काचेचे हाल त्यांना जवळून दिसतील, उलट बरंच झालं.

वॉचमननं पाइप सोडला, मी गाडी हळूहळू पुढे घेतली आणि माझं पाठ केलेलं भाषण सुरू केलं. मॅडम, तुमच्या समोरच्या काचेला काहीच लावलेलं नाही, बघा पाणी कसं पसरून बसतं, समोरचा खांब दिसत नाही, शिकणारा माणूस घाबरतो, पाय चुकून दुसरीकडेच पडतो... मी समोर बघून बोलतोय, बोलतोय, आणि मॅडम म्हणाल्या,

“कुठे बसलंय?”

बघतो तर काय! त्यांच्या बाजूला पाणी टेकायला तयार नाही. थेंब पडला की गोळी, गोळी की पळाली. खांब दिसतोय, खांबावरचा रंग उडालेला दिसतोय, त्याच्या पलीकडे कुंपणावर वाळत घातलेला वॉचमनचा टॉवेल दिसतोय. आणि माझ्या बाजूला? गोवर आल्यासारखे थेंब जिथल्या तिथे, मधे ती साय, आणि खांब आहे की माणूस आहे कळेना. घाबरून मी वायपर सुरू केला. मॅडमच्या बाजूचा वायपर मांजरीसारखा आला नि गेला. माझा... टर्र. टर्र. टर्र... काचेवर उड्या मारत. तुम्हाला सांगतो, त्या आवाजानं मैदानात शिकणारी एक बाई गाडी बंद करून उतरलीच, तिला वाटलं तिच्याच गाडीतून येतोय.

मॅडमनी विचारलं, लावलेली बाजू कुठली? मी म्हटलं, माझी. त्यांनी विचारलं, आणि हिला काहीच नाही? मी म्हटलं, काहीच नाही. खरंच म्हणत होतो हो! देवाशपथ म्हणत होतो! मॅडमनी दोन्हीकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाल्या,

“मग काहीच लावू नकोस.”

गाडी उभी. पाइप चालू. टर्र. टर्र. माझ्या डोळ्यांसमोर तो फॉर्म, माझी सही, मागचा बाक... आणि मागच्या सीटवरून घसा खाकरल्याचा आवाज आला. तो आवाज मला माहितीय. दुकानदाराचा चेहरा उतरवणारा सरकारी आवाज.

“बाई, एक खुलासा करू का?”

आणि काका बोलायला लागले. माझ्याशी वर्षभर न बोललेला माणूस मॅडमशी काय सुटला! पोरानं काम अर्धं टाकलं होतं म्हणाले, माप कमी पडत होतं, आणि माप कमी आहे हे माहीत असून माल गिऱ्हाइकाकडे जाऊ देणं हा गुन्हा आहे, म्हणून सकाळी पाच चाळीसला त्यांनी राहिलेली बाजू पुरी केली. कशी केली? वही उघडली! चष्मा लावून बाटलीवरची बारीक अक्षरातली सूचना आधी उतरवून घेतलेली. धुलाई एक, धुलाई दोन, धुलाई तीन. स्पिरिट, नवी बाटली, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानदाराला उठवून आणलेली. थेंब मोजून. गोल फिरवताना मागचा गोल पुढच्या गोलावर अर्धा यायला हवा, तसा आणला. घड्याळ लावून दहा मिनिटं. पुसणं, फडकं एक. पुसणं, फडकं दोन. अर्ध्या तासानं दुसरा हात, परत दहा मिनिटं, फडकं तीन, फडकं चार. बाटलीचं वजन आधी, बाटलीचं वजन नंतर.

मॅडम सीटवर पूर्ण मागे वळल्या. मी पहिल्यांदा बघितलं, त्यांचा पाय ब्रेकवरून उठला होता.

म्हणाल्या, किती लागलं? काका म्हणाले, दोन हातांना मिळून नऊ ग्रॅम. आणि यानं किती वापरलं? काकांनी वहीचं मागचं पान काढलं. एकतीस. एकतीस ग्रॅम, एका हाताला! आता मला सांगा, माझ्या बाटलीचं वजन या माणसानं कधी घेतलं? मी लावायच्या आधीपण घेतलंय, म्हणजे शुक्रवारीच घेतलंय! स्वतःच्या पुतण्यावर पाळत?

मग मॅडमनी माझ्याकडे मोर्चा वळवला. तू किती वेळ वाळू दिलंस? मी म्हटलं, दहा मिनिटं. असं बेधडक म्हटलं, की माझाच विश्वास बसला. आणि आरशात बघितलं. काकांचं बोट वहीतल्या एका ओळीवर होतं. ती ओळ मी नंतर चोरून वाचली: ‘लावले २.२५, पुसले ३.०५, मधल्या काळात गैरहजर.’ वरच्या खिडकीतून सगळं बघितलं होतं त्यांनी. त्यांनी मोठ्यानं वाचलं असतं तर माझी तिथेच पंचाईत होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं, आरशातूनच, आणि वही मिटली.

का मिटली? आजतागायत कळलेलं नाही मला. दया आली? की पुढे कधीतरी उपयोगी पडेल म्हणून राखून ठेवली? मला दुसऱ्या कारणाचाच संशय आहे. चौतीस वर्षांत कुठल्या दुकानदाराला सोडलं नाही त्यांनी, मला बरे सोडतील!

मॅडमनी पाइप बंद करायला सांगितला आणि दोन मिनिटांत सगळं उरकलं. सहा गाड्या, पुढच्या काचा, खिडक्या, बाजूचे आरसे, सगळं. शेडपण. मी म्हटलं, जमलं! आणि मग पुढचं वळण आलं. हे रोज येणार असतील तरच, म्हणाल्या. काकांकडे बोट. मी काका काय म्हणतात ते बघतोय, तर काका इस्त्रीच्या शर्टाची बाही सारखी करतायत. तेव्हा कळलं, इस्त्रीचा शर्ट कशाला!

घरी आलो आणि आधी आईला धरलं. तुला सांगितलं होतं ना, हात लावू नका म्हणून सांग? आई भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “अरे, भाऊजींना मी ‘हात लावू नका’ म्हणू? थोरले आहेत ते.” मग काय म्हणालीस? तर म्हणे, थोडं काम राहिलंय त्याचं, एवढंच म्हटलं. म्हणजे वर्षभर माझे सगळे निरोप हे असेच धुऊन, पुसून, इस्त्री करून वर जात होते! माझं ‘गेलात उडत’ काय म्हणून पोचलं असेल, मी विचारलंच नाही. काही गोष्टी तिरकं न बघितलेल्याच बऱ्या.

तर आता असं आहे. रोज सकाळी सातला शेड उघडते. मी काच धुतो, काका मोजतात. एक. दोन. तीन. “स्पिरिट.” गोल फिरवताना गोल अर्ध्यावर आला नाही की घसा खाकरतात, बास, बाकी बोलत नाहीत. नाही म्हणायला मधे आई लागत नाही, आता थेट खाकरतात. दहा मिनिटं घड्याळ लावून आम्ही दोघं काचेसमोर उभे, फोन त्यांच्या खिशात. माझा फोन. तो कॉलेजचा फॉर्म त्यांनी खणातून काढला, मी म्हटलं फाडतील, तर फाडला नाही, मागची बाजू कोरी होती, तिथे रोजची बाटलीची वजनं लिहितात. म्हणजे फॉर्म अजून आहे. सहीची जागापण आहे.

आणि पाटी. मॅडम म्हणाल्या, पाटीवर जबाबदार माणसाचं नाव लावा. काका म्हणाले, नवी कशाला, असलेलीच उलटी करा, मागची बाजू वाया चाललीय. पेंटर आला. काकांचं नाव शेवटच्या अक्षरासकट पहिल्या फटक्यात मावलं.

पाटी तीच आहे. माझं नाव मागे आहे, भिंतीकडे तोंड करून. माझं एवढंच गेलं.